फीच्या पैशावाचून शिक्षण थांबू नये
(गावच्या साक्षरता वर्गात झालेले भाषण)



आज मी तुम्हांला बाराखडी शिकवायला उभा नाही. ती तुम्हांला आता येते. आज मी एका म्हशीची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट खरी आहे. नाव सांगत नाही, कारण घर आपल्याच भागातले आहे.

२०२५ सालची गोष्ट. बाजाराचा दिवस होता. मी एस.टी.ची वाट बघत उभा होतो. समोरून एक शेतकरी दुभती म्हैस घेऊन चालला होता. मी म्हणालो, "दादा, दुभतं जनावर घेऊन कुठं निघालास?"

तो म्हणाला, "बाजारात, गुरुजी. पोरीचा नंबर लागलाय औषधाच्या कॉलेजात. फी भरायची हाय."

मुलगी शिकते हे ऐकून मला आनंद झाला. मी म्हणालो, "शाबास!" तेवढ्यात माझी गाडी आली. मी गाडीत बसलो आणि तो बाजाराकडे गेला.

संध्याकाळी घरी आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलगी इतर मागास वर्गातली. नंबर सरकारी यादीतून लागलेला. घरचे उत्पन्न बेताचे. अशा मुलीची शिकवण्याची फी आणि परीक्षेची फी सरकार भरते. मी धावत त्याच्या घरी गेलो. पण म्हैस विकली गेली होती. पैसे घेऊन गडी माणूस तालुक्याच्या वाटेला लागला होता.

पुढे त्या मुलीचा फॉर्म आम्ही भरला आणि तो मंजूरही झाला. पण म्हैस परत आली नाही. घरातले दूध गेले ते गेलेच.

आता दोष कोणाचा? त्याचा थोडा, कारण त्याने विचारले नाही. माझा जास्त. मला माहीत असून मी "शाबास" म्हणालो आणि गाडीत बसलो. म्हणून आज हे भाषण. पुन्हा कोणाची म्हैस अशी जाऊ नये.

मदत म्हणजे भीक नव्हे

काही माणसे म्हणतात, "गुरुजी, आम्ही कष्टाचं खातो. सरकारपुढं हात कशाला पसरायचा?" हा मानी स्वभाव चांगला. पण इथे तो आडवा येऊ देऊ नका.

आपल्या मुलखात शिकणाऱ्या मुलाला मदत करण्याची रीत जुनी आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०१ साली मुलांसाठी वसतिगृह काढले. पुढे निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृहे झाली. खेड्यातली पोरे तिथे राहून शिकली.

१९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला शिकायला गेले. त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. पौंड म्हणजे विलायतेचे नाणे. बाबासाहेबांनी ती मदत घेतली. त्यात त्यांना कमीपणा आला काय? नाही. त्या मदतीचे त्यांनी सोने केले. पुढे देशाची घटना लिहिण्याच्या कामात ते पुढे होते.

कर्मवीर भाऊराव पाटील तर आपल्याच मातीतले. त्यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवत. लोक मूठमूठ धान्य देत. एकदा मुलांच्या जेवणाला काही उरले नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने काढून दिले.

ज्यांनी मदत घेतली ते शिकले. शिकून त्यांनी दुसऱ्यांना शिकवले. ही देवघेव आहे. आपण काडेपेटी घेतो, डिझेल घेतो. त्यावर कर भरतो. त्याच पैशातून ही मदत येते. मग लाज कसली?

मदत चार प्रकारची

मदत म्हटली की सगळी एकच असे समजू नका. चार प्रकार ओळखायला शिका.

पहिली फीमाफी. शिकवण्याची फी आणि परीक्षेची फी सरकार भरते. कधी सगळी, कधी निम्मी.

दुसरा निर्वाह भत्ता. मूल परगावी राहते. खोली, जेवण, वह्या यांना खर्च येतो. त्यासाठी ही रक्कम असते.

तिसरी कमाई. मूल कॉलेजात काही तास काम करते आणि त्याचे पैसे मिळवते. याला 'कमवा व शिका' म्हणतात. ही वाटही कर्मवीरांनीच घालून दिली. साताऱ्याच्या कॉलेजात मुले शेतात राबत आणि वर्गात शिकत. आजही पुणे विद्यापीठात कर्मवीरांच्याच नावाने ही योजना आहे. मुले बागेत, ग्रंथालयात, कचेरीत काम करतात.

चौथे कर्ज. हे बँक देते. हे नीट ध्यानात घ्या. पहिले तीन पैसे परत द्यावे लागत नाहीत. कर्ज मात्र फेडावे लागते, तेही व्याजासकट. शिक्षण संपल्यावर साधारण एका वर्षाने हप्ते सुरू होतात. कर्ज वाईट नाही. पण आधी पहिल्या तीन वाटा धुंडाळा. तरी कमी पडले तरच कर्जाच्या वाटेला जा. सावकाराच्या दारी मात्र जाऊ नका.

कोणाला काय मिळते

आता ठळक ठळक योजना सांगतो. सगळ्या पाठ करू नका. आपल्या घराला कोणती लागू पडते तेवढी धरा.

अनुसूचित जातींच्या मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती आहे. ती १९४४ सालापासून चालू आहे. घरचे वर्षाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर फी मिळते आणि वर भत्ताही मिळतो. घरी राहून शिकणाऱ्याला भत्ता कमी, वसतिगृहात राहणाऱ्याला जास्त. आदिवासी मुलांसाठी आणि इतर मागास वर्गांसाठीही अशा शिष्यवृत्त्या आहेत.

ज्यांना जातीची सवलत नाही पण घरी गरिबी आहे, त्यांच्यासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. इंजिनिअरी, औषधनिर्माण अशा शिक्षणाची निम्मी फी सरकार देते. या योजनेत एका घरातील पहिल्या दोन मुलांचाच विचार होतो.

मुलींसाठी २०२४ साली मोठा निर्णय झाला. ८ जुलै २०२४ रोजी सरकारने हुकूम काढला. आर्थिक मागास, सामाजिक आणि शैक्षणिक मागास, तसेच इतर मागास वर्गातील मुलींना अशा शिक्षणाची निम्मी नव्हे, सगळी शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली. उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे. आपल्या गावातली बहुतेक घरे यात बसतात. तेव्हा "मुलीला एवढं कशाला शिकवायचं, खर्च केवढा!" हे बोलणे आता सोडून द्या.

राहण्याचे काय? समाजकल्याण आणि आदिवासी विभागांची वसतिगृहे आहेत. तिथे जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. आदिवासी मुलांसाठी स्वयम् योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणी झालेल्या मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह भत्ता आहे.

रोज जाऊन येऊन शिकणाऱ्या मुलांना एस.टी.च्या पासात सवलत आहे. बारावीपर्यंत मुलींना पास फुकट मिळतो.

एक सावधगिरी. आकडे आणि अटी बदलत असतात. दर वर्षी कॉलेजात जाऊन विचारा. शेजाऱ्याचा गेल्या वर्षीचा आकडा धरून बसू नका.

पाटाचे पाणी आणि सरकारी पैसा

आता मुख्य मुद्दा. पैसा घरापर्यंत येतो कसा?

आपण कालव्यावरची माणसे. धरण भरले म्हणून आपल्या उसाला आपोआप पाणी मिळते का? मिळत नाही. आधी सात नंबरचा फॉर्म भरावा लागतो. मग पाळी लागते. पाळी आली की दारे धरावे लागते. चारी तुंबलेली असेल तर पाणी दुसरीकडे जाते. ज्याने फॉर्म भरला नाही, त्याच्या शेताशेजारून पाणी वाहत जाते आणि तो बघत बसतो.

शिष्यवृत्तीचेही तसेच आहे. मागणी केल्याशिवाय पैसा येत नाही.

फॉर्म संगणकावर भरायचा असतो. त्या ठिकाणाला 'महाडीबीटी' म्हणतात. फॉर्म भरला की तो आधी कॉलेजात जातो. तिथला कारकून कागद तपासतो. मग तो सरकारी खात्याच्या साहेबांकडे जातो. ते मंजुरी देतात. मग पैसे बँकेत येतात, तेही हप्त्याहप्त्याने. याला महिने लागतात. कधी वर्ष संपत आले तरी पैसे येत नाहीत. हे खरे आहे, आणि ते मी तुमच्यापासून लपवीत नाही. म्हणून खोलीभाडे आणि खानावळ यांची सुरुवातीची सोय घरातून करून ठेवा. पैसे येणार म्हणून आजच खर्च करू नका.

प्रवेशाच्या वेळी कॉलेज पूर्ण फी मागू लागले तर घाबरू नका. म्हैस सोडू नका. कॉलेजात शिष्यवृत्तीचे काम बघणारा कारकून असतो. त्याला विचारा, "माझ्या मुलीला फीमाफी लागू आहे. मग आज नेमके किती भरायचे?" फीची पावती मागा आणि ती वाचा. शिक्षण फी वेगळी, परीक्षा फी वेगळी, वसतिगृहाची वेगळी, इतर फी वेगळी. माफी कशाला आहे आणि कशाला नाही, हे तिथे कळते.

आणखी एक ध्यानात ठेवा. प्रवेश सरकारी यादीतून झाला पाहिजे. संस्थाचालकांच्या कोट्यातून पैसे भरून जागा घेतली, तर ही सवलत मिळत नाही. एजंट म्हणतो, "आज पैसे भरा, जागा पक्की करतो." त्याच्या नादी लागू नका. यादी लागेपर्यंत थांबा.

कागद आधी, निकाल मागाहून

आपण पेरणी कधी करतो? पाऊस पडल्यावर. पण नांगरट आधीच करून ठेवतो. कागदांचेही तसेच. बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. उन्हाळ्यातच कागद गोळा करा.

उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून मिळतो. त्यासाठी तलाठ्याकडे जावे लागते. जातीचा दाखला, आणि लागत असेल तर जात पडताळणीचे प्रमाणपत्र. पडताळणीला फार वेळ लागतो, म्हणून मूल अकरावीत असतानाच अर्ज करा. रहिवासाचा दाखला. शाळा सोडल्याचा दाखला. गुणपत्रक. रेशन कार्ड. आधार कार्ड. बँकेचे पासबुक.

पासबुक मुलाच्या नावाचे पाहिजे, बापाच्या नाही. आणि त्या खात्याला आधार जोडलेले पाहिजे. एका मुलाची दोन खाती होती. दुसरे खाते त्याने कशासाठी तरी उघडले होते आणि विसरून गेला होता. आधार त्यालाच जोडलेले होते. सहा महिने तो पहिल्या बँकेत खेपा घालीत होता. पैसे दुसऱ्या बँकेत केव्हाच जमा झाले होते.

फॉर्म भरताना मोबाइलवर आकडा येतो. म्हणून आधारला जोडलेला नंबर चालू ठेवा. तो आकडा फॉर्म भरताना समोर बसून आपणच टाका. फोनवरून कोणी मागितला तर सांगू नका. परवलीचा शब्द वहीत लिहून ठेवा. पुष्कळदा फॉर्म भरणारा दुकानदारच तो शब्द ठरवतो. दुसऱ्या वर्षी तो दुकान सोडून गेलेला असतो, आणि मुलाला आपलाच फॉर्म उघडता येत नाही.

हो, दुसऱ्या वर्षी! फॉर्म दर वर्षी भरावा लागतो. एकदा भरला म्हणजे जन्माचा भरला असे नाही. मुलाने कॉलेजात हजेरी ठेवली पाहिजे आणि अभ्यास केला पाहिजे. तेही अटीतच येते.

माझ्या हातून झालेली चूक

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला जड जाते. तरी सांगतो.

मी हेडमास्तर होतो तेव्हा एक म्हातारा नातवाला शाळेत घेऊन आला. मी विचारले, "बाबा, पोराचं नाव काय?" त्यांनी घरात हाक मारायचे नाव सांगितले. मी तेच रजिस्टरला लिहिले. जन्माचा दाखला मागितला नाही. गर्दी होती, घाई होती.

मुलगा हुशार निघाला. दहावी झाला, बारावी झाला, कॉलेजात गेला. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला. फॉर्म परत आला. का? आधार कार्डावर पाळण्यातले नाव. शाळेच्या दाखल्यावर माझ्या हातचे लाडाचे नाव. दोन नावे म्हणजे कचेरीच्या दृष्टीने दोन माणसे.

नाव बदलायचे तर सरकारच्या राजपत्रात छापून आणावे लागते. ते होईपर्यंत मुदत टळली. त्या वर्षीचे पैसे गेले. खोलीभाडे थकले. मुलाने दिवाळीनंतर कॉलेज सोडले.

आज तो तालुक्याला ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. काम चांगले करतो. मी दिसलो की हात पुसून पुढे येतो आणि "नमस्कार गुरुजी" म्हणतो. त्याला माझा राग नाही. पण मला त्याच्याकडे मान वर करून बघवत नाही. दोन अक्षरांची चूक माझी, आणि दंड त्याने भरला.

आणखी एक गोष्ट तेव्हा मला ठाऊक नव्हती. ती आज तुम्हांला सांगतो. परत आलेला फॉर्म म्हणजे नामंजूर फॉर्म नव्हे. त्यात काय चुकले ते लिहिलेले असते. दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवता येतो. मात्र फॉर्म परत आला आहे हे आधी कळले पाहिजे. म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी मुलाला विचारा, "फॉर्म कुठपर्यंत गेला? मला दाखव." नुसते "चाललंय" एवढे ऐकून गप्प बसू नका.

वाचता येते त्याचा उपयोग

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, एवढं सगळं आम्हांला कसं जमायचं? आम्ही आत्ता कुठं वाचायला लागलो."

या वर्गातल्याच एका माऊलीची हकिगत सांगतो. त्या समोर बसल्या आहेत, त्यांची परवानगी घेतली आहे. त्यांची मुलगी अकरावीत आहे. उन्हाळ्यात त्या शाळेतून मुलीचे कागद घेऊन आल्या. पूर्वी त्या कागद पिशवीत घालून तशाच घरी आल्या असत्या. या खेपेला त्या शाळेच्या ओट्यावर बसल्या आणि बोट ठेवून वाचू लागल्या. मुलीचे नाव वाचले. बापाचे वाचले. मग आईचे नाव आले. बोट थांबले. त्या उठून आत गेल्या आणि कारकुनाला म्हणाल्या, "साहेब, हे माझं नाव न्हाई. माझ्या नावात 'ळ' हाय. इथं 'ल' पडलाय."

कारकुनाने रजिस्टर काढून बघितले. रजिस्टरला 'ळ' होता. नक्कल करताना चूक झाली होती. त्याने दुसरा कागद करून दिला. पाच मिनिटांचे काम.

मंडळी, या माऊलीने या वर्गात पहिल्यांदा काय लिहायला शिकले? स्वतःचे नाव. आणि हेडमास्तर असून मला जे जमले नाही, ते त्यांनी त्या एका नावाच्या जोरावर केले. वाचता येणे म्हणजे दुसरे काय असते?

तेव्हा तुम्हांला सगळे कायदे ठाऊक असायला नकोत. तुम्ही तीनच गोष्टी करा.

पहिली, विचारा. मुलाचे शिक्षण थांबवण्याआधी, जनावर विकण्याआधी, दागिना गहाण टाकण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा, "आम्हांला कोणती मदत लागू आहे?"

दुसरी, वाचा. हातात आलेल्या प्रत्येक कागदावर नाव, जन्मतारीख आणि शेवटची मुदत या तीन जागी बोट ठेवून वाचा. सगळ्या कागदांवर नाव एकसारखे आहे का ते बघा.

तिसरी, मागे लागा. फॉर्म भरून घरी बसू नका. पाळी येईपर्यंत आपण चारीवर जाऊन बघतो ना? तसेच.

कोणी म्हणाला, "निम्मे पैसे मला द्या, मी मंजूर करून देतो," तर त्याला सरळ वाट दाखवा. मंजुरीसाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. केंद्रावर फॉर्म भरून घेतला तर तेवढ्या कामाची मजुरी द्या आणि पावती घ्या.

येत्या रविवारी सकाळी मी देवळाच्या पडवीत बसणार आहे. ज्यांची मुले दहावी-बारावीत आहेत, त्यांनी आपापले कागद पिशवीत घालून आणावेत. मी वाचून दाखवणार नाही. तुम्हीच वाचायचे, मी शेजारी बसेन. म्हशीचे ते दादाही येणार आहेत. त्यांच्या धाकट्या मुलाची बारावी आहे. या खेपेला गोठ्यातल्या रेडकाला बाजार दाखवायचा नाही, असे आमचे ठरले आहे.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. नमस्कार.